लॉकवरचा हार
झेंडूच्या वासात ऑइलचा वास मिसळला की मला ती लिफ्ट आठवते. मी आणि माझा एक दोस्त एकाच गॅरेजात काम शिकलो, पण त्यानं कर्वेनगरला स्वतःचं गॅरेज थाटलं, मोटारसायकली उचलायची हायड्रॉलिक लिफ्ट घेतली, आणि मी वारज्यात अजून गोणपाटावर उकिडवा बसून चेन आवळत होतो. खंडेनवमीला त्यानं पूजेला बोलावलं. लालभडक नवी लिफ्ट, वर धुऊनपुसून चढवलेली गाडी आणि जिकडेतिकडे झेंडू. पेढा तोंडात टाकताना मला दिसलं, लिफ्ट वर अडकवून धरणाऱ्या लॉकच्या दांड्यालाच त्यानं एक हार गुंडाळला होता, त्यामुळे दांडा खाचेत बसलाच नव्हता. सगळं वजन नुसत्या ऑइलवर उभं होतं. मी बोललो नाही. येऊ दे एकदा गाडी खाली सगळ्यांसमोर, असं मनात आलं. "आता कंबर मोडत नाही बघ, तूही घेऊन टाक एक," असं मला ऐकवत त्यानं लिफ्टच्या फळीखालच्या सिलिंडरला कुंकू लावायला हात आत घातला. तेवढ्यात गर्दीत कुणाचा तरी पाय उतरवायच्या पेडलवर पडला. फळी खाली येताना मी त्याचा हात कसाबसा ओढून काढला. "ह्यानं हात वाचवला माझा," तो सगळ्यांना सांगत होता. तेव्हापासून दर खंडेनवमीला त्याच्याकडचा नारळ मीच फोडायचा, असा त्याचा हट्ट आहे. आज सकाळीही फोन आला. आता माझ्याकडेही लिफ्ट आहे, आणि लॉक बसल्याचा खट आवाज ऐकल्याशिवाय मी खाली हात घालत नाही. त्याच्याकडे जाईन, नारळ फोडीन, पेढा मात्र खिशात ठेवीन; तोंडात पेढा घोळवत मी किती वेळ गप्प उभा होतो, हे त्याला अजून माहीत नाही.