अंतिमराव सूचना वाचत नाहीत

घरगुती यंत्राच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका येते आणि खोक्याबरोबरच फेकली जाते, ती लिहिण्यात अंतिमरावांची हयात गेली. ‘अंतिमराव’ हे नाव छापखान्याच्या मालकांनी ठेवलेलं. कारण त्यांच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक पुस्तिकेचं गोकुळ नांदत असे: ‘अंतिम’, ‘अंतिम नवी’, ‘अगदी अंतिम’, ‘हीच घ्या’ आणि ‘ही नको’. मागच्या खेपेला नेमकी ‘ही नको’ छापून आली. तिच्यात मिक्सर आधी सुरू करून मग झाकण लावायला सांगितलं होतं.

“पुन्हा चुकीची फाइल आली,” मालक म्हणाले, “तर काम दुसऱ्याकडे. दोस्ती वेगळी आणि छतावर उडालेला रस वेगळा.”

वाफेच्या नव्या इस्त्रीची पुस्तिका सोमवारी द्यायची होती. अंतिमरावांनी परगावी सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या लेकीला फोन लावला.

“बाबा, आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर टाका. फाइल एकच ठेवायची. बदल केला की त्याची नोंद करायची, वर काय बदललं ते एका ओळीत लिहायचं. जुनं हवं तेव्हा परत मिळतं. फक्त मी पाठवलेल्या सूचना आधी वाचा हं.”

“मला शिकवतेस? अगं, सूचना लिहून लिहून तुला वाढवली मी!”

खरंच होतं ते. पण जन्मभर सूचना लिहिणाऱ्या या माणसाने दुसऱ्याची एक सूचना कधी वाचली असेल तर शपथ. त्यांनी दिसेल तिथे ‘पुढे’ दाबलं, न वाचता ‘मान्य आहे’ म्हटलं. शेवटी एक काळी खिडकी उघडली आणि तिच्यात एक रेघ लुकलुकत राहिली.

“बसलं एकदाचं!”

“अहो, पण ते सांभाळतंय का?” बायकोने विचारलं.

“सांभाळणारं सॉफ्टवेअर सांभाळणार नाही, तर काय स्वेटर विणणार?”

आता यंत्रच सगळं लक्षात ठेवणार म्हटल्यावर गोकुळ पोसायचं कशाला? अंतिमरावांनी सगळ्या फायली एका झटक्यात पुसल्या. कामात अर्धवटपणा नको म्हणून कचरापेटीही रिकामी केली. मग ऐटीत लेकीला फोन केला.

“हं, आता इस्त्रीची फाइल परत कशी आणू?”

“पहिली नोंद केलीत ना?”

“नोंद कसली? सॉफ्टवेअर बसवलंय की!”

“बाबा, कॅमेरा घरात आणला म्हणून फोटो निघत नाही. बटण दाबावं लागतं.”

अंतिमराव रडकुंडीला येऊन रिकामी कचरापेटी पुन्हा पुन्हा उघडून बघू लागले.

“रडताय काय, पुन्हा लिहा,” बायको म्हणाली.

“कशावरून? जुन्या इस्त्रीच्या पुस्तिकेवरून उतरवली होती. तीही गेली.”

बायकोने टेबलाखाली पाहिलं. कंपनीने नमुना म्हणून पाठवलेल्या इस्त्रीचं खोकं चिकटपट्टीसकट शाबूत होतं. अंतिमराव त्यावर पाय ठेवून लिहीत.

“म्हणजे ही इस्त्री तुम्ही उघडलीच नाहीत? आणि तो मिक्सर?”

“त्याचं खोकं जरा उंच होतं. पाय अवघडायचे.”

बायकोने सुरीने चिकटपट्टी कापली आणि इस्त्री त्यांच्या हातात दिली. “घ्या, भरा पाणी.”

“त्यात काय! पाणी भरताना इस्त्री उभी धरावी,” असं जुनं वाक्य घोकत अंतिमरावांनी ती मांडीवर उभी धरली. या इस्त्रीचं पाणी भरायचं तोंड होतं दुसऱ्या बाजूला. भांडंभर पाणी पायजम्यात गेलं.

“आडवी धरावी,” ते पुटपुटले.

मग रविवारभर नवरा-बायकोने शर्ट, पडदे, उशांचे अभ्रे, दिसेल त्याला इस्त्री केली आणि पुस्तिका नव्याने लिहिली. एक रुमाल जळून कामी आला. ओळ बदलली की अंतिमराव इमानाने नोंद करत. बायको वाकून बघे.

“‘पाणी भरण्याची पद्धत सुधारली.’ कोणी सुधारली?”

“लिहितो गं! ‘हिच्या सांगण्यावरून.’ झालं?”

“आता ते पुसता येत नाही ना?”

“नाही.”

“छान आहे हो सॉफ्टवेअर.”

सोमवारी मालकांनी पुस्तिका उभ्या उभ्या वाचली, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचली.

“अंतिमराव, तुमचं लिहिलेलं पहिल्यांदाच मला कळलं. काम तुमच्याकडेच राहील. फक्त ते ‘मांडीवर ठेवून पाणी भरू नये’ तेवढं काढा. असं कोण शहाणा करतो?”

“राहू द्या,” अंतिमराव खाली बघत म्हणाले, “करतात लोक.”