समोरच्या आक्कांचं मत

इंग्रजांच्या वेळची गोष्ट. निपाणीत आमच्या समोरच्या घरात एक आक्का राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. बोलायच्या आधी कानडीत 'नोडवा' म्हणायच्या, म्हणजे 'बघ गं', आणि मग इतकं हळू बोलायच्या की ऐकणाऱ्याला वाकावंच लागायचं. हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलवत नसे. मला बाई त्यांची लई कीव यायची.

मग म्युनिसिपालटीची निवडणूक आली. नावं लिहायला आलेल्या कारकुनानं मला विचारलं, "वैनी, घरपट्टी कुणाच्या नावावर?"

"मालकांच्या."

"मग मत मालकांचं. तुमचं न्हाय."

आक्कांचं घर नवऱ्यामागं त्यांच्या नावावर झालेलं, म्हणून त्यांना मत मिळालं.

मतदानादिवशी एका उमेदवाराचा टांगा त्यांच्या दारात येऊन उभा. माणसं हात जोडून म्हणतात, "चला आक्का, बसा."

"तुमच्या टांग्यात बसलं तर मत तुमचंच झालं की रं," म्हणाल्या आणि छत्री उघडून चालत गेल्या.

परत आल्यावर मी ओसरीवरनं हाक मारली, "कुणाला दिलं हो आक्का?"

"नोडवा, ते सांगायचं नसतंय."

आमच्या घरात माझ्या आमटीत मीठ किती पडलं तेसुद्धा सगळ्यांना ठाऊक. कुणाला सांगू नये असं माझ्यापाशी होतंच काय? जळफळत आत गेले. देवापुढं म्हटलं, मलाही दे असं मत, अगदी आक्कांसारखं.

आणि म्हणता म्हणता माझाच हात घाबरून मंगळसूत्रावर गेला.