गजूभाऊंच्या सलूनमधले जावईबापू

सलूनमधले केस रोज झाडून टाकता येतात, किस्से नाही. ते कोपऱ्यात साचतच राहतात. आर्वीत माझं सायकलचं दुकान होतं आणि शेजारी गजूभाऊंचं सलून. तिथल्या बाकावर आमची रोजची बैठक. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. आणि त्या बाकावरचे निम्मे किस्से एका माशाचे.

मासा फ्लॉवरहॉर्न नावाचा. परदेशी जात, रंगानं लालभडक आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. हा दुकानात ठेवला की बरकत येते, असं नागपूरच्या मासेवाल्यानं सांगितलं. गजूभाऊंनी पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन त्याला एसटीनं आणलं. बरकत राहिली बाजूला, मासा निघाला महातिरसट. खायचा फक्त गजूभाऊंच्या हातून, आणि जरा मनाविरुद्ध झालं की कोपऱ्यात तोंड करून बसायचा. म्हणून त्याचं नाव पडलं जावईबापू.

*

प्रकाश आमच्यातला दयाळू माणूस. त्याला वाटलं, मासा एकटा पडला म्हणून चिडतो. त्यानं सोबतीला दोन गोल्डफिश आणून सोडले.

दुसऱ्या दिवशी येऊन विचारतो, "काऊन गजूभाऊ, गेलं का त्याचं एकटेपण?"

"एकटेपण नाई गेलं, भूक गेली."

*

टाकी आधी भिंतीवरच्या आरशासमोर होती. जावईबापू दिवसभर स्वतःशीच भांडायचे. कल्ले फुगवून काचेवर धडका. गजूभाऊंनी टाकी फिरवली, तर दुश्मन दिसेना म्हणून महाराजांनी दाणे खाणंच सोडलं. शेवटी रोज जेवणाआधी त्याला हातातला आरसा दाखवायचा असं ठरलं.

एकदा गिऱ्हाईक तोंडाला साबण लावून बसलेलं, आणि गजूभाऊ आरसा घेऊन टाकीपाशी.

"अरे, माही दाढी?"

"थांबा ना भाऊ, त्याचं भांडण होऊ द्या आधी."

*

रिटायर झालेले गुरुजी दर रविवारी डोक्याला मालीश करून घ्यायचे. डोकं तुळतुळीत. तेल लागलं की चमकायचं. पहिल्याच रविवारी त्यांनी मान खाली घातली आणि टाकीत पाण्याचा नुसता धिंगाणा. जावईबापूंना वाटलं, आपल्यापेक्षा मोठ्या टेंगळाचा कोणी आला!

गुरुजी शांतपणे म्हणाले, "गजानन, हा माझा विद्यार्थी होता का रे?"

*

गजूभाऊ टाकीत खडे रचायचे, प्लास्टिकचं झाड लावायचे. दुपारपर्यंत मासा तोंडानं खडे उचलून सगळं उलथंपालथं करायचा, झाड उपटून वर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गजूभाऊंच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, ते पाहवत नसे. दुकानात आल्या तरी टाकीकडे पाठ करून बसायच्या.

"घरी एक गिलास उचलत नाई हे," त्या म्हणायच्या, "अन् माशाच्या घरची आवरसावर रोज."

*

मग गजूभाऊंचं अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं. वर्ध्याच्या दवाखान्यात भरती केलं. सोबत धाकटा भाऊ वसंता. ऑपरेशन नीट झालं, पण इकडे जावईबापूंनी दाणे सोडले, आणि ते कळल्यावर तिकडे गजूभाऊंनी खिचडी. "तो उपाशी अन् मी कसा खाऊ?" डॉक्टर चिडले. वसंता फोनवर रडकुंडीला आला. गजूभाऊंच्या अंगात ताकद कुठून येणार?

आम्ही सगळं करून पाहिलं. आरसा दाखवला. मी गजूभाऊंचा एप्रन घालून कैची वाजवली. गुरुजींनी तेल लावून डोकं टाकीला टेकवलं. मासा वळलाही नाही. तेव्हा मात्र आम्ही घाबरलो. त्याचा रंगही फिका पडला होता.

प्रकाशनं मोबाइल स्पीकरवर टाकून काचेपाशी धरला. गजूभाऊ तिकडून विनवत होते, "खाय ना रे राजा, माह्यासाठी दोन दाणे खाय." काही नाही.

तेवढ्यात वहिनी आल्या. दवाखान्यात डबा पाठवूनही तो भरलेला परत येत होता, त्यामुळे डोकं फिरलेलं. त्यांनी चिमूटभर दाणे पाण्यात टाकले आणि काचेवर बोट आपटलं.

"काऊन, काय लाड लावले आहेत? किती दिवस पाहू मी? खातं का मुकाट्यानं, का देऊ नदीत फेकून?"

मासा कोपऱ्यातून वळला. वर आला. एक दाणा, मग दुसरा, मग सगळे.

फोन चालूच होता. मग वसंताचा हळू आवाज आला,

"वहिनी... दादानं ताट पुढ्यात ओढलं."