अर्ध्या उदबत्तीचं भाषण

मी चूक केली, आणि ती अजाणता केलेली नव्हती. एका बाईंनी माझ्या गावासमोर सांगितलेली गोष्ट मला शब्दन् शब्द कळली होती. तरी गावाला समजावून सांगताना मी ती वाकडी केली, कारण मला लोकांना हसवायचं होतं. लोक हसले. त्या हसण्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली, आणि त्यात माझी बायको सगळ्यात पुढे होती.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, नाकाडोंगरीच्या बाजूला, जंगलाला लागून. सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा गावात धड रस्ता नव्हता, पण दर पंधरवड्याला तलावाच्या पाळीजवळच्या पारावर एक भाषण व्हायचं. तुमसरच्या शाळेतून निवृत्त होऊन परत आलेल्या गुरुजींनी ही रीत घातली. ते तुमसरला जायचे आणि जो कोणी शिकलेला, काही नवं जाणणारा माणूस भेटेल त्याला गळ घालायचे. जनावरांचे डॉक्टर, बियाण्यांचे साहेब, खाणीतले दगड तपासणारे, कॉलेजातले प्राध्यापक. हार नाही, अध्यक्ष नाही, आभार नाहीत. एकच नियम होता. गुरुजी एक उदबत्ती मोडून तिचे दोन तुकडे करायचे. पहिला तुकडा जळेपर्यंत पाहुण्यांनी बोलायचं. दुसरा तुकडा माझा.

कारण पाहुणे बोलायचे पुस्तकी मराठी, आणि आमच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना ती अर्धीच कळायची. मी भंडाऱ्याला कॉलेजात दोन वर्षं काढली होती, पुढे शेती आणि किराणा दुकान सांभाळायला परत आलो होतो. पाहुण्यांचं म्हणणं आमच्या बोलीत सांगायचं, हे माझं काम. ते मला चांगलं जमायचं, हे मी आजही खोट्या नम्रतेनं लपवणार नाही.

त्या पाराचा मला फार अभिमान आहे. बियाण्यांच्या साहेबांनी बादलीभर पाण्यात मीठ घालत नेलं, कोंबडीचं अंडं वर तरंगल्यावर थांबले, आणि त्या पाण्यात धान ओतलं. पोचट दाणे वर, भरलेले खाली. मी बोलीत सांगून संपवायच्या आत बाया घरून आपापलं बियाणं घेऊन आल्या होत्या. खाणीवरच्या माणसानं हातातला काळा दगड दाखवून सांगितलं की पृथ्वीवर माणूस नव्हता तेव्हापासून हा दगड इथे आहे. मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग तवा आमच्या वावराचा सातबारा कोणाच्या नावानं होता जी?" तो पाहुणा इतका हसला की त्याची उदबत्ती तशीच जळून गेली. पलीकडच्या बपेरा गावचे लोकही सायकली हाणत ऐकायला यायचे. ज्या गावात वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी पोहोचायचं, तिथे लोक प्रश्न विचारायला शिकले होते.

एकदा एक बाई आल्या. तरुण होत्या, आहारशास्त्र शिकवायच्या. बोलणं पुण्याकडचं, भरभर. त्यांनी विचारलं, घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं, आणि तिच्या ताटात काय उरतं? त्यांनी रक्तक्षय म्हणजे काय ते सांगितलं. मग पुढे येऊन स्वतःच्या डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवली. आतला रंग लाल हवा. फिका असेल तर अंगात रक्त कमी आहे, आणि पोटुशी बाई असेल तर जिवाला धोका. उपायही साधा सांगितला. तरोट्याची पालेभाजी, आंबाडी, बांधावरच्या तुरीची डाळ तुमच्याकडेच आहे. फक्त दिवसातून एक वेळ तरी नवराबायकोनं सोबत जेवायला बसावं, म्हणजे डाळभाजी दोघांच्या ताटात सारखी पडेल.

उदबत्ती विझली. गुरुजींनी माझा तुकडा पेटवला.

समोर पुरुष गप्प बसले होते. मान खाली. मला ती शांतता सोसली नाही. मी उठलो आणि म्हणालो, "ह्या बाई म्हणतेत का, आजपासून बायकायले आधी वाढा. अन् त्यायचं पोट भरलं का नवऱ्यायनं भांडे घासाचे!"

सगळा पार हसून हसून लोळला. एकानं ओरडून विचारलं, "अन् लुगडे कोणं धुवाचे गा?" मी म्हणालो, "ते पुढच्या भाषणात सांगतीन." पुन्हा हशा. पापणीचं मी सांगितलंच नाही. तरोट्याचं एका वाक्यात उरकलं. त्या बाईंना आमची बोली कळत नव्हती. आपलं बोलणं लोकांना आवडलं असं वाटून त्याही हसल्या, आणि जाताना माझ्यापुढे हात जोडून म्हणाल्या, "तुम्ही फार छान सांगितलंत." मी ते आभार घेतले. त्या पुन्हा कधी भेटल्या नाहीत.

घरी बायकोनं मला वाढलं आणि बाजूला बसली. ती पोटुशी होती.

"बाईनं डोरा ओढून दाखवला," ती म्हणाली. "तुमी ते काहून नाई सांगतलं?"

"अवो, गमतीगमतीत राहून गेलं. लोकायले मजा आली ना."

"मले नाई आली." भाताचं भांडं झाकत म्हणाली, "मी आरशात पाह्यलं जी. पांढरंफट आहे."

मी म्हणालो, कंदिलाच्या उजेडात तसंच दिसते. आणि हात धुवायला उठलो.

पुढे मी केलेली थट्टा गावात राहायला आली. आमच्या शेजारचा एक साधा माणूस होता. त्याला बाईंचं मूळ बोलणं कळलं होतं; त्यानं ते मनावर घेतलं आणि बायकोला सोबत जेवायला बसवलं. गावाला हे कळायला वेळ लागला नाही. पानठेल्यावर त्याला नाव पडलं, भांडेघाशा. आठ दिवसांत त्यानं ते बंद केलं. त्याची बायको माझ्या बायकोजवळ रडली. मी मात्र त्या ठेल्यावर सगळ्यांबरोबर हसलो होतो.

धानाच्या रोवणीचे दिवस आले. माझी बायको बायांच्या टोळीत सगळ्यात चपळ, पण त्या वर्षी दुपारी ती हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी धरून बांधीतल्या चिखलात कोसळली. आम्ही तिला बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी आल्या आल्या तिची पापणी ओढली आणि माझ्याकडे पाहिलं. "इतकं रक्त कमी होईपर्यंत कोणाच्या ध्यानात नाही आलं?"

ध्यानात आणून दिलं होतं. मीच ते गिळलं होतं.

गोळ्या सुरू झाल्या. मी घरी रोज तिच्यासोबत जेवायला बसू लागलो, पण दार लोटून. एवढीच माझी हिंमत. तिची हिंमत वेगळी होती. बरं वाटल्यावर ती पुन्हा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गेली, रोवायला नाही, नुसती बसायला. दुपारी पुरुषांची शिदोरी आधी आणि बायांची काम आटोपल्यावर, ही जुनी चाल. तिनं टोळीला बांधीतून वर बोलावलं आणि म्हणाली, "आधी आपण बसू."

एक जण चिडवत म्हणाली, "काय व, तुह्या नवऱ्यानं तर साऱ्यायले भांडे घासाले लावले होते!"

"ते भाषण देतेत," माझी बायको म्हणाली. "आपण जेवू."

बाया जेवल्या. दुसऱ्या दिवशीही. घरी नवऱ्याबरोबर बसायची लाज, पण धुऱ्यावर सगळ्याच बाया. तिथे कोणी कोणाला नावं ठेवायची? डाळीचा डबा मधे ठेवायचा आणि सगळ्यांनी त्यातून घ्यायचं. रोवणी संपेपर्यंत दुसऱ्या टोळ्यांनीही हेच धरलं. आम्हाला मुलगी झाली; दोघी सुखरूप. नर्सबाई पुढे गावोगाव सांगायच्या की धुऱ्यावर आधी कसं जेवायचं ते ह्या गावच्या बायांना विचारा. मी दुकानात बसून हे ऐकायचो आणि छाती भरून यायची, आणि त्याच छातीत काटाही असायचा.

मुलीच्या बारशानंतर मी तिच्यापुढे कबुली दिली. "माह्यं चुकलं. त्या दिवशी मी तसं बोलाले नव्हतं पाह्यजे."

ती मुलीला थोपटत होती. म्हणाली, "घरात नोको सांगा. जेथं हासवलं तेथं सांगा."

एवढंच. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही, आणि मी तेवढ्याचाच फायदा घेतला. पुढची कितीतरी भाषणं मी बोलीत सांगितली. गोबर गॅस, हगवणीवर मीठसाखरेचं पाणी, सापाचे प्रकार. प्रत्येक वेळी मनात यायचं, आज शेवटी दोन शब्द आपलेही सांगू. प्रत्येक वेळी उदबत्ती विझायची आणि मी खाली बसायचो. ज्या माणसाला दुसऱ्याचं कोणतंही बोलणं सांगता येत होतं, त्याला स्वतःचं एक वाक्य निघत नव्हतं.

मुलगी शाळेत जाऊ लागली त्या सुमारास गुरुजी आमच्या घरी आले. माझ्याकडे न पाहता बायकोला म्हणाले, "पुढचं भाषण तू देशीन, बाई. रोवणीतल्या शिदोरीवर."

ती म्हणाली, "मी काय शिकलेली आहो जी?"

"जे केलं ते सांग."

त्या दिवशी पार भरला होता. तिनं पदर नीट केला, उभी राहिली आणि सुरुवात केली. आवाज आधी बारीक होता, मग मोकळा झाला. चक्कर कशी यायची, बांधीत पडली तेव्हा काय दिसलं, डाळीचा डबा मधे ठेवल्यावर पहिल्या दिवशी कोण कोण लाजलं. बाया खळखळून हसत होत्या, पुरुष ऐकत होते. बोली आमचीच, माझं काहीच काम नव्हतं. इतका अभिमान मला कोणत्याही पाहुण्याच्या भाषणात वाटला नव्हता. माझं नाव तिनं कुठेच घेतलं नाही. त्या बाईंच्या भाषणावर आली तेव्हा "एक बाई आल्या होत्या, त्यायनं सांगतलं" एवढं म्हणून पुढे गेली. मला वाचवून पुढे गेली.

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "अन् भांडे कोणं घासले व?"

तोच जुना हशा उसळला. ती थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं त्या शेजाऱ्याच्या बायकोकडे पाहिलं. ती बाई मान खाली घालून बसली होती.

मी उठलो. गुरुजींनी मला अडवलं नाही.

"हासा," मी म्हणालो. "हे बोलणं माह्यं आहे. त्या बाईनं हे कधीच म्हटलं नव्हतं. त्यायनं म्हटलं होतं का सोबत जेवा, अन् पापणीचा रंग पाहा. मले सारं समजलं होतं. तुमी हासले पाह्यजे म्हणून मी खोटं सांगतलं."

हशा थांबला. मी शेजाऱ्याकडे वळलो. "तुले ठेल्यावर जे नाव पडलं ते माह्यामुळे पडलं. तू बरोबर केलं होतं, गा." मग बायकोकडे वळलो. चारचौघांत बायकोशी थेट बोलायची आमच्याकडे रीत नाही. मी हात जोडले.

"त्या बाई आज येथं नाईत, त्यायची माफी मागतो. ह्या दोघा नवराबायकोची मागतो. अन् तुही माफी मागतो. तू मरता मरता वाचली, अन् मी गंमत सांगत होतो. माह्यं चुकलं."