बाबांच्या तोंडी उरलेल्या चार वेळा

बाबा भोकरदनच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. आजूबाजूच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांच्या चुका ठरलेल्या असत. ‘आज सकाळी’चं ‘टुडे मॉर्निंग’ व्हायचं, ‘काल रात्री’चं ‘यस्टरडे नाईट’. अंधार पडल्यावर घरी कुणी विद्यार्थी आला की दारातूनच ‘गुड नाईट, सर’ म्हणायचा. बाबा त्याला आत बसवायचे, पाणी द्यायचे आणि मग सांगायचे, “गुड नाईट निघताना म्हणायचं. आल्यावर गुड ईव्हनिंग. मंग बाहेर कितीबी अंधार असू दे.”

ते हसायचे नाहीत. आम्ही हसलेलंही त्यांना खपत नसे. त्यांच्या घराण्यात इंग्रजी शिकलेले ते पहिलेच होते. त्यांना कोण कसं हसलं होतं हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, पण ते विसरलेही नसावेत.

त्यांचा तास एका घोषाने सुरू व्हायचा. इन द मॉर्निंग, इन द आफ्टरनून, इन द ईव्हनिंग, ॲट नाईट. सगळा वर्ग एका सुरात. मी त्याच वर्गात शिकले. सगळ्यांना ‘इन’ आणि रात्रीलाच ‘ॲट’ का, असं मी एकदा घरी विचारलं होतं. बाबा म्हणाले, “त्याला कारण न्हाई. बोलणाऱ्यांनी तसं ठेवलं, आपण बराबर तसं म्हणायचं.”

निवृत्तीनंतर आई-बाबा जालन्याला, मस्तगडात माझ्याकडे राहायला आले. मीही शाळेत इंग्रजीच शिकवते. एका रात्री जेवताना बाबांच्या हातातला घास ताटात पडला. त्यांनी तो पुन्हा उचलला, पुन्हा पडला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. आम्ही त्यांना तसंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा भाऊ संभाजीनगरहून आला. बाबांचा उजवा हात, उजवा पाय गेला होता आणि वाचाही गेली होती. आई हाक मारायची, ते डोळे उघडायचे, ओठ हलवायचे, पण आवाज फुटत नव्हता. तपासायला आलेले नवे डॉक्टर बाहेरच्या राज्यातले होते. त्यांनी इंग्रजीत विचारलं, हे कधी झालं? भाऊ घाईत म्हणाला, “यस्टरडे नाईट, सर.”

कॉटवरून घोगरा आवाज आला. “ला... लास्ट. लास्ट नाईट.”

आम्ही सगळे वळलो. बाबा भावाकडे बघत होते, अगदी वर्गात बघायचे तसे. आईला शब्द कळला नाही, आवाज तेवढा कळला. तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, “बोलले. हे बोलले ना?” भाऊ खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

आम्हाला वाटलं, आता एकेक शब्द येत जाईल. तसं झालं नाही. घरी आणल्यावर त्यांच्या तोंडून फक्त वर्गातल्या घोषातल्या त्या चार वेळा यायच्या. पाणी हवं असलं तरी ‘इन द मॉर्निंग’, पाय दुखला तरी ‘इन द ईव्हनिंग’. आपण भलतंच बोललो हे त्यांना कळायचं. मग ते डाव्या हाताने कपाळावर मारून घ्यायचे. आई तो हात धरून ठेवायची.

बोलणं शिकवायला एक बाई घरी यायच्या. त्यांनी समजावलं की वर्षानुवर्षं एका सुरात म्हटलेले शब्द कधीकधी वाचतात आणि रोजचे शब्द जातात. म्हणाल्या, “यांना अडवू नका. जे आहे त्याच्यावरच चालायचं.”

त्या गेल्यावर आई माझ्यासमोर येऊन बसली. ती जेमतेम चार इयत्ता शिकलेली. म्हणाली, “ह्यांच्याजवळ मराठी न्हाई राह्यली. मंग मला इंग्रजी शिकव.”

“आई, ते जे बोलतात त्याला अर्थ नसतो गं.”

“अर्थ मी लावीन. तू शब्द शिकव.”

मी शिकवू लागले. भाकरी थापताना ती पुटपुटत बसायची. पहिल्याच दिवशी ती बाबांजवळ जाऊन मोठ्याने म्हणाली, “इन द नाईट.” बाबांनी पलंगावर हात आपटला. “ॲट!” ती म्हणाली, “ॲट नाईट. बरं. ॲट नाईट.” बाबांनी मान हलवली. आजारी पडल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर समाधान मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

हळूहळू तिने खरंच अर्थ लावले. सूर वर गेला की चहा, खाली ओढला की कूस बदलायची, तुटक आला की खिडकी लावायची. मी शाळेतून यायचे तेव्हा ती दोघं बोलत बसलेली असायची. ती मराठीत, ते त्या चार वेळांत. ती सांगायची, “भोकरदनहून तुमच्या शाळेतले जुने मास्तर आल्ते, तुम्ही झोपून गेल्ते.” ते विचारायचे, “इन द आफ्टरनून?” आणि योगायोगाने ते दुपारीच आलेले असायचे.

एका रविवारी मी त्यांची दाढी करत होते. त्यांनी माझं मनगट धरलं. माझ्या डोळ्यांत बघून काहीतरी म्हणायची धडपड चालली होती. मला कळलं, ते माझं नाव शोधत होते. ओठ जुळायचे, सुटायचे. शेवटी निघालं, “आफ्टरनून.” ‘इन द’ नव्हतं, नुसतं तेवढंच. त्यांचे डोळे भरून आले. मी म्हटलं, “असू द्या बाबा.” वस्तरा मी बाजूला ठेवला.

स्वयंपाकघरातून आईने ऐकलं होतं. ती दारात आली. “ते बिलकुल बराबर बोलून राह्यले. तू दुपारची आहेस. तू झाली तव्हा हे वर्गात शिकवू लागल्ते. शिपाई सांगायला गेला तर वर्ग सोडून तसेच दवाखान्यात आल्ते, हाताला खडू.”

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मनगट सोडलं नव्हतं. त्यांना तेच म्हणायचं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. डॉक्टरांनी बहुधा नाही म्हटलं असतं. पण त्या दिवसापासून मला ते त्याच शब्दाने हाक मारू लागले आणि मी ‘ओ’ देऊ लागले.

पुढे थोडी मराठी परत आली. ‘पाणी’ आलं, ‘बस’ आलं. एका संध्याकाळी आईला ‘चल’ म्हणाले आणि काठी टेकत, तिच्या आधाराने गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले. त्या हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि दवाखान्यात ते गेले. शेवटी काही बोलले नाहीत. आई जवळ होती, मी औषध आणायला गेले होते.

नंतर घर फार गप्प झालं. आई विचारलं तेवढंच बोलायची. भावाने आपल्याकडे चल म्हणून आग्रह केला, ती गेली नाही.

उन्हाळ्यात मागच्या गल्लीतली एक बाई रडत आली. तिचा नवरा बसचा कंडक्टर होता, त्यालाही तसाच झटका आला होता. आईने तिला बसवलं आणि विचारलं, “काही बोलतात का? एखादा शब्द? शिवी असली तरी सांग.”

“एकच बोलतात, काकू. दिवसभर नुसतं ‘पुढं सरका, पुढं सरका’. लोक हसून राह्यले.”

आई उठली. पायात चपला घातल्या. “हसू नको देऊ कुणाला. त्यांच्याजवळ तेवढं उरलंय. चल, मला बघू दे ते कोणत्या सुरात म्हणतात.” आणि त्या बाईच्या पुढे होऊन ती उन्हात निघालीसुद्धा.