पाचवा बदाम

आमच्या शेजारचा घड्याळवाला दुकानात डोळ्याला भिंग लावून बसला की केसाएवढी स्प्रिंगसुद्धा चिमट्यात पकडतो. रविवारी दुपारी हातात पत्ते आले की याच माणसाला समोरचा डोंगर दिसत नाही. भिंतीला भिंत लागून राहतो मी. मी नाही बोलायचं तर कोणी?

आमचा पोकर पैशांचा नसतो. नळवाल्याने आणलेल्या पितळी वॉशरवर आम्ही तिघं खेळतो. एक वॉशर म्हणजे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचं एक तास फुकट काम करायचं. (माझे तास कोणी मागत नाही, ते सोडा.) घड्याळवाल्याच्या घरचं सिंक चार महिने खालून गळतंय. "नळवाल्याला पैसे कशाला? तास जिंकतो त्याचे," असं हा वहिनींना सांगून बसलाय. तेव्हापासून वहिनी दिवसातून सहा वेळा पातेलं उपसतात, आणि हा नळवाल्याच्या सासुरवाडीचीसुद्धा घड्याळं फुकट दुरुस्त करतोय.

त्या रविवारी मी पानं केव्हाच टाकली होती. टेबलावर सगळ्यांची सामाईक चार पानं उघडी, एक यायचं बाकी. घड्याळवाला पत्ते असे धरतो की शेजाऱ्याला वाचता यावेत: हातात दोन बदाम, टेबलावर दोन. पाचवा आला की बहुधा डाव याचाच. मधे चार वॉशर होते. याने दोन लावले. नळवाल्याने आपले उरलेले सहा सरकवून रेझ केलं, बोली वाढवली. म्हणजे आता आणखी चार घालायचे, ते बारा मिळवायला. न दिसलेल्या शेहेचाळीस पानांत बदाम नऊ, पाचात जेमतेम एकदा येणार. उरलेल्या चारदा चार-चार जाणार, ते भरून निघायला मधे निदान सतरा हवेत. बरं, नळवाल्यापुढे एकही वॉशर उरला नव्हता. बदाम आला तरी पुढे उकळणार काय, कपाळ?

"अरे, सोड की!" मी म्हटलं.

"पानं टाकलेल्याने तोंड उघडू नये," नळवाला गुरकावला.

"चार आलेत. पाचवा जातोय कुठे?" घड्याळवाला म्हणाला.

दुकानात हरवलेला स्क्रू याला कुठल्या ना कुठल्या खणात सापडतोच. महाशयांना पत्त्यांचा जोडही आपलंच कपाट वाटतं. घातले चार. आली किलवरची तिर्री.

"उठा," मागून वहिनी म्हणाल्या.

"कशाला?"

"खुर्ची मोकळी करा. चार महिने पाठीशी उभी राहून बघतेय तुमचे पराक्रम."

वहिनी बसल्या. दोनदा चार इस्पिक जमले, दोनदा मोठं रेझ आलं, दोनदा त्यांनी पानं टाकली. "भित्री आहे," घड्याळवाला माझ्या कानात म्हणाला. तिसऱ्यांदा चार बदाम जमले. मधे अकरा वॉशर, घालायचे फक्त दोन.

"भाऊजी, तुमच्यापुढे अजून किती आहेत?" वहिनींनी नळवाल्याला विचारलं.

"दहा. का हो?"

"सहज."

नळवाला इरेला पेटला की पानं टाकत नाही, हे त्यांनी हेरलं होतं. दोन घातले. बदाम आला. नसता आला तरी त्या दोन वॉशरबद्दल मी चकार शब्द काढला नसता. मग वहिनींनी चार लावले, आणि नळवाल्याने चरफडत तेही भरले.

सोमवारी सकाळी नळवाला सिंकखाली आडवा होता. घड्याळवाला जिन्यात येईल-जाईल त्याला अडवून सांगत होता, "माझंच बघून शिकली हो! चार जमले की सोडायचं नाही!"