होया हलणार नाही

घरात तिला सगळे आत्या म्हणत. भाचरं म्हणत म्हणून भाऊही म्हणायचा, वहिनीही, आणि खालचा दुकानदारसुद्धा. दिवसभर ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात लोकांच्या पँटी आखूड करायची आणि संध्याकाळी वडिलांच्या घरात, म्हणजे आता भावाच्या, स्वतः आखूड होऊन राहायची.

हातपाय पसरायला तिला एकच जागा होती, बैठकीच्या खोलीतली खिडकी. तिथं दोन अँथुरियम, एक हट्टी ऑर्किड आणि जमिनीवरच्या कुंडीतून दोरीवर चढवलेला होया. जाड, चकचकीत पानांचा हा वेल एकदाच फुलला होता. मग वहिनीनं साफसफाईच्या नादात त्याच्या ‘वाळक्या काड्या’ कापून टाकल्या. ते जुन्या फुलांचे देठ होते, आणि होया पुन्हा फुलतो तो त्याच देठांवर. आत्या तेव्हा गप्प बसली. नंतर कित्येक वर्षं होया गप्प बसला.

यंदा नवे देठ फुटले, टोकाला मोहरीएवढ्या कळ्या धरल्या. आणि नेमका तेव्हाच नवा सोफा आला.

“आत्या, ते जंगल उचल. सोफा खिडकीखाली येणार,” भाऊ म्हणाला. दोन हमाल सोफा धरून दारात उभे.

“बाकीचं उचलते. होया नाही.”

“का? त्याला डोहाळे लागलेत?”

“लागलेत. कळ्यांवर आहे. जागा बदलली, उजेड फिरला, की सगळ्या गाळून टाकेल.”

“एका वेलापायी सोफा दारात?” वहिनी म्हणाली. “लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, सोफा दारात आहे.”

एक हमाल फिसकन हसला. भाऊ तणतणत दोरी सोडवायला खुर्चीवर चढू लागला, तशी आत्या खिडकीला पाठ लावून उभी राहिली.

“तुझं लग्न झालं, मी आतली खोली सोडली. मुलं झाली, पलंग सोडला. टीव्ही आला, माझं मशीन स्वयंपाकघरात गेलं. बाबांच्या घरात आजवर मीच हलत आले. हा हलणार नाही. दोरीला हात लावायचा तर आधी मला उचल.”

“साहेब, हात भरून आले,” मागचा हमाल म्हणाला. “काय ते ठरवा.”

सोफा खोलीच्या मधोमध टेकला आणि तिथंच राहिला. भावाची नडगी त्यावर रोज आपटायची, रोज आत्याचा उद्धार व्हायचा. आत्या शीळ घालत पाणी घालायची.

एका संध्याकाळी कळ्या उघडल्या. मेणातून कोरल्यासारख्या गुलाबी चांदण्यांचे झुबके, आणि वास थेट स्वयंपाकघरापर्यंत. वहिनी हातातलं टाकून आली, नाक जवळ नेलं आणि डोळे मिटून हुंगत राहिली.

भाऊ नडगी चोळत म्हणाला, “झालं ना फुलून? आता तरी हलव.”

“फुलं गळतील, देठ राहतील. पुढची फुलं तिथंच यायचीत.”

“म्हणजे?”

“म्हणजे वळसा घालायची सवय कर.”

आणि ती सोफ्यावर, बरोबर मध्यभागी, पाय वर घेऊन बसली.